चाळीस मिनिटांची अट

१

माझा नातू स्वराज चढाईला गेला आणि मध्येच थांबला.

कबड्डीत असं कोणी थांबत नाही. समोर सात जण हात पसरून उभे असताना माणूस एक तर शिवून पळतो, नाहीतर पकडला जातो. स्वराज नुसताच उभा राहिला. तोंडातलं ‘कबड्डी, कबड्डी’ हळू होत गेलं, लांब चाललेल्या माणसाचं बोलणं विरतं तसं. मग ते बंदच झालं. समोरची पोरं त्याला धरायचं सोडून बघत राहिली. तो गुडघ्यावर आला, कुशीवर कलंडला, आणि मॅटच्या कडेला दिव्यांचा लोखंडी खांब होता त्यावर त्याचं कपाळ आपटलं. मी दहाव्या रांगेत होते. तो आवाज मला तिथे ऐकू आला.

शनिवारची संध्याकाळ होती, दिवे नुकतेच लागले होते. पुरुषांचा उपांत्य सामना. मांडव्याच्या जेट्टीपासून आमचं गाव सहा मैलांवर, पण आमच्या मैदानावरचा सामना बघायला अख्खा तालुका लोटतो.

मी मनुबाई. धर्माजीची बायको, आता विधवा. शाळा चौथीपर्यंत. पण दोन मुलगे, दोन सुना, पाच नातवंडं आणि दीड एकर भातशेती माझ्या तोंडावर चालते, आणि तोंड अजून शाबूत आहे. त्या संध्याकाळी मात्र मला तोंड उघडता आलं नाही.

स्वराजला अलिबागला नेलं. डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, “डोक्याला मार आहे, पण पडला तो त्यानं नाही. पोटात झोपेचं औषध आहे, भरपूर. चोवीस तास गेल्याशिवाय काही सांगता येणार नाही.”

माझी थोरली सून नूतन, स्वराजची आई, भिंतीला टेकून बसली होती. ती उठली. समोर माझी नात शिवानी उभी होती, माझ्या धाकट्याची मुलगी, अंगावर अजून खेळाचाच टी-शर्ट.

“हिनंच घातलं,” नूतन म्हणाली. “हिनं गावासमोर सांगून घातलं.”

शिवानीनं मान खाली घातली.

२

नूतन खोटं बोलत नव्हती, ते आधी सांगते.

स्वराज आणि शिवानी दोघंही एकाच कंपनीच्या संघांतून खेळतात. स्वराजला तिथे कायम नोकरी, आणि मोठ्या लीगच्या लिलावात गेल्या साली त्याच्यावर सव्वीस लाखांची बोली लागली. शिवानी राज्याच्या संघातून चार वेळा खेळली. तिला करार, महिना अठरा हजार, दर वर्षी पुन्हा अर्ज. गावच्या स्पर्धेत दोघं गावाकडून उतरतात. तिथे पुरुषांना मॅट आणि पहिलं बक्षीस दोन लाख, मुलींना माती, अकरा हजार आणि प्रेशर कुकर. आमच्या घरात चार कुकर आहेत. मी एकात तांदूळ शिजवते आणि उरलेल्या तिन्हींकडे बघून दात-ओठ खाते.

गुरुवारी स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या सभेत शिवानी उभी राहिली आणि म्हणाली, यंदा बक्षीस सारखं हवं.

मंडळाचे अध्यक्ष विश्वंभरराव. किनाऱ्याला त्यांची नारळ-सुपारीची मोठी वाडी, मुंबईत शिकलेले, बोलणं लोण्यासारखं. ते म्हणाले, “बाळ, पुरुष चाळीस मिनिटं खेळतात, तुम्ही तीस. मग दाम सारखा कसा?”

“मग आम्ही पन चाळीस खेळतो.”

लोक हसतील असं त्यांना वाटलं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. विश्वंभररावांचा चेहरा मी पाहिला. त्यांनी तिथल्या तिथे कागदावर अट लिहिली. उपांत्य आणि अंतिम, दोन्ही सामने पुरी चाळीस मिनिटं. एकही मुलगी चक्कर येऊन किंवा दमून बाहेर गेली तर बक्षीस पूर्वीचंच, आणि हा विषय पुन्हा काढायचा नाही. वर हेही लिहिलं की यंदा मुलींनाही पुरुषांसारखंच शक्तीचं गोड पाणी मिळेल, बाटलीबंद, बर्फातलं. सगळं समान.

स्वराज मागून म्हणाला, “दुपारच्या उन्हात उलट्या होतील तुम्हाला.”

आणि शिवानी म्हणाली, “बघू. परवा मैदानात तूच आडवा पडशील दादा, नि गाव बघंल.”

झालं. आडवा पडला, गावानं बघितलं.

त्यात आमच्या मैदानाचा रखवालदार कोंडाजी यानं फौजदाराला सांगितलं की सामन्याच्या आधी, पाचच्या सुमारास, शिवानी स्टेजच्या मागून येताना दिसली. स्टेजच्या मागेच पुरुषांची खोली, तिथेच पाण्याच्या बाटल्यांची बर्फपेटी. मुलींना तिकडे जायचं कारण नाही.

फौजदार तरणा होता, पण अदब होती. “आजी, उद्या अकरा वाजता तिला ठाण्यात घेऊन या. मी घरी गाडी आणली तर गाव बघेल.”

उद्या म्हणजे रविवार. दुपारी दोनला मुलींचा अंतिम सामना. महिलांच्या नव्या लीगसाठी पोरी निवडायला मुंबईहून अनुयाबाई येणार होत्या, फक्त त्या सामन्यासाठी. ठाण्याची पायरी चढलेल्या पोरीला कोण निवडतो?

पण खरी भीती ती नव्हती. मी तिची आजी. तिचा राग कुठून आलाय ते मला ठाऊक आहे, कारण तो माझाच आहे. आणि मला वाटत होतं की तिनं केलं असेल.

३

सकाळी सातला मी तिला परसात नेलं आणि न्हाणीच्या दगडावर बसवलं.

“तुझ्या दादाच्या जिवाचं काय होईल ते देवाला माहीत. मला खरं सांग. मग मी पुढं कसं वागायचं ते ठरवीन.”

“मी न्हाय केलं, आजी.”

“मग पाच वाजता त्या खोलीमागं कशाला मरायला गेली होतीस?”

तिनं नखानं दगडावरचं शेवाळ खरवडलं. काल दोन वाजता तिनं अर्ध्या तालुक्यासमोर सात जणींना लोळवलं होतं, आणि आता आजीसमोर तिची जीभ उचलत नव्हती.

“शिवानी, अकराला तुला नेतील.”

“मला पाळी चालू झाली होती,” ती म्हणाली. “सामना संपता संपता. आम्हाला कपडं बदलायला शाळेची खोली देतात, तिथं संडास न्हाय. दाराला कडी असलेला एकच संडास, तो पुरुषांच्या खोलीमागं. मी थांबले, थांबले, मग गेले. कोंडाजीबाबानं बघितलं. आता हे मी फौजदाराला कसं सांगू? काल त्यानं विचारलं तवा दादाचे सगळे मित्र उभे व्हते.”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. माझी भीती अर्धी उतरली. उरलेली अर्धी मोठी झाली, कारण तिनं केलं नसेल तर करणारा मोकळा होता, आणि दोन वाजता पोरी पुन्हा मैदानात जाणार होत्या.

“बाटल्यांना हात लावलास?”

ती हसली, कडू. “आम्हाला कवा मिळाल्या त्या? काल पन आम्ही माठातलंच प्यालो.”

“पण अध्यक्षांनी लिहून दिलं होतं. तुमचा खोका आला होता ना?”

“आला होता. ‘महिला’ चिठ्ठी लावलेला. मी सकाळी लांबून बघितला. मग कुठं गेला, देव जाणे. आम्ही विचारत न्हाय आता.”

मी उठले. मला कोंडाजीला विचारायचं होतं.

४

कोंडाजी आमच्या ह्यांचा जुना मित्र. मला वहिनी म्हणतो, आणि मला घाबरतो.

“खोके किती आले होते?”

“दोन, वहिनी. शनिवारी सकाळी अध्यक्षांच्या गाडीतनं, शुक्रवारी रातभर त्यांच्याच फ्रीजात व्हते. बारा बाटल्या पुरुषांच्या, बारा पोरींच्या. बर्फपेटीत ठिवल्या, कुलूप घातलं. चावी माझ्या करगोट्याला. एवढी सुदीक हलली न्हाय.”

“पुरुषांच्या कधी दिल्या?”

“त्या तर सकाळच्या सरावातच संपल्या. मग संध्याकाळच्या सामन्याला…” तो थांबला.

“बोल. नाहीतर मी धर्माजीच्या फोटोसमोर उभा करीन तुला.”

“पोरींचा खोका दिला. दर साली तसंच करतो. पोरींसाठी काय आलं तर पुरुषांनाच जातं. पोरींना माठ हाय की. गावात कोनाला ठावं न्हाय ते?”

मी ते बाजूला ठेवलं आणि दुसरं विचारलं. “स्वराज पडला. बाकीचे कसे होते?”

“पेंगत व्हते सगळे. संघातला धाकटा गणराज तर पकडीच्या साखळीत उभ्या उभ्या जांभई देत व्हता. स्वराजनं तीन बाटल्या ढोसल्या, त्याला आडवनार कोन? बाकीच्यांनी एक-एक. लाजंनं कोनी बोललं न्हाय, पन रातभर मेल्यागत झोपले. आन बाटल्यांची झाकणं सैल व्हती. मला वाटलं बर्फानं.”

म्हणजे एका बाटलीत नव्हतं. सगळ्या खोक्यात होतं. स्वराजवर कोणाचा डोळा नव्हता, त्याला फक्त तहान जास्त होती.

तेवढ्यात आतून कोंडाजीची नात साक्षी आली, सोळा वर्षांची, आमच्या संघातली राखीव खेळाडू. डोळे अजून सुजलेले. काल मुलींचा सामना चालू असताना ही बाकावर गाढ झोपली होती. शिवानीनं तिला सगळ्यांसमोर झापलं होतं.

मी तिचा हात धरला. “साक्षी, काल सामन्याआधी तू काय प्यालीस?”

तिनं आजोबांकडे बघितलं. कोंडाजीचं तोंड पांढरं पडलं.

“माझीच नात, वहिनी,” तो म्हणाला. “दीड वाजता त्या खोक्यातली एक दिली लपवून. म्हटलं, एकीला तरी मिळू दे.”

दीड वाजता. शिवानी मागे गेली पाचला. औषध त्याच्या कितीतरी आधी बाटल्यांत होतं, पेटीला कुलूप लागण्याच्याही आधी. कोंडाजीनं घातलं असतं तर आपल्या नातीला पाजलं नसतं.

“ती बाटली टाकलीस?”

“अर्धी हाय,” साक्षी म्हणाली. “कडू लागली.”

तिनं फळीवरून बाटली काढून दिली. वर चिकटवलेला कागद: ‘महिला’. मी ती पदराखाली धरली आणि किनाऱ्याचा रस्ता धरला. खोके शुक्रवारी रात्री ज्या घरातल्या फ्रीजमध्ये राहिले होते, त्या घराचा.

५

विश्वंभरराव घरी नव्हते. त्यांची बायको कुमुदबाई मागच्या पडवीत सुपारी निवडत होत्या. गावात सगळ्यांना माहीत आहे, त्यांना गोळीशिवाय झोप लागत नाही. मुंबईचा डॉक्टर तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम देतो.

“बसा, मनुबाई. स्वराज कसा आहे?”

“अजून डोळे उघडले नाहीत.”

त्यांच्या हातातली सुपारी सुपाबाहेर पडली. ती उचलायला त्या वाकल्या आणि वाकूनच राहिल्या. चेहरा बघितला तर डोळ्यांखाली काळं.

“झोप नाही का?” मी विचारलं.

“शुक्रवारपासून डोळ्याला डोळा नाही.”

“गोळी घेत नाही?”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बघता बघता मला कळलं की ही बाई मला उत्तर देत नाहीये, विचारते आहे. तुम्हाला ठाऊक आहे का, असं विचारते आहे. भर सकाळी, नारळांच्या सावलीत, आम्ही दोन म्हाताऱ्या बायका एकमेकींना घाबरत बसलो होतो.

“कुमुदबाई, ते खोके…”

त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि तोंड मिटलं.

“काय विचारताय, मनुबाई?” विश्वंभरराव दारात उभे होते. किती वेळ उभे होते, कोण जाणे. “मला विचारा ना.”

६

ते एकटे नव्हते ते माझं नशीब. फौजदाराला चहाला घेऊन आले होते, दोघांच्या हातात कपबश्या होत्या. एकटे असते तर मी काय केलं असतं ते मला अजूनही सांगता येत नाही.

“विचारते,” मी म्हणाले. “काल मुलींना त्यांचं पाणी मिळालं का हो?”

“अर्थात. वेळेवर, दीड वाजता. मी स्वतः तसं सांगितलं होतं. तुम्हाला त्यातही खोट दिसते का?”

“पोरींना ते मिळालंच नाही. संध्याकाळी ते पुरुष प्याले.”

त्यांच्या हातातली कपबशी वाजली. फौजदारानं ऐकलं.

“साहेब,” मी फौजदाराकडे वळले, “तुम्ही शोधताय की स्वराजला कोणी पाडलं. कोणीच नाही. औषध पोरींच्या खोक्यात होतं, बाराच्या बारा बाटल्यांत, आणि ते दीडच्या आधी घातलं होतं. कोंडाजीची नात एक बाटली प्याली आणि भर सामन्यात झोपली. शिवानी तोपर्यंत तिकडे फिरकली नव्हती. मग घालणाऱ्याला काय वाटत होतं? की हे पाणी पोरींच्या पोटात जाणार. पण आमच्या गावात असं कोणाला वाटेल? पोरींना ठाऊक आहे, त्यांना काही मिळत नाही. कोंडाजीला ठाऊक आहे, स्वराजला, त्याच्या मित्रांना, चहावाल्याला. मुलींचा एक सामना ज्यानं बघितलाय त्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कागदावर लिहिलं म्हणजे पोरींना मिळालं, असं मानणारा माणूस गावात एकच. अकरा वर्षं अध्यक्ष, आणि मुलींच्या सामन्याला कधी आला नाही, कारण दुपारी दोनला तो जेवून झोपतो.”

“काल मी आलो होतो,” विश्वंभरराव म्हणाले.

“आलात. छत्री लावून चाळीस मिनिटं बसलात आणि सारखं घड्याळ बघत होतात. आम्हाला वाटलं माणूस बदलला.”

फौजदारानं कप खाली ठेवला.

“हा निव्वळ तर्क आहे,” विश्वंभरराव म्हणाले, अगदी शांतपणे. मला त्या शांतपणाचीच भीती वाटली. “तुमच्या नातीला वाचवायला तुम्ही काहीही बोलाल.”

मी पदराखालची बाटली काढली. कुमुदबाईंजवळच्या पाण्याच्या रिकाम्या भांड्यात दोन घोट ओतले, बाकीची फौजदारासमोर ठेवली. “ही तपासायला न्या. आणि हे दोन घोट अध्यक्षांनी प्यावेत. तुमच्याच घरातून गेलेलं पाणी आहे.”

त्यांनी भांड्याकडे बघितलं. “मला साखर आहे. गोड वर्ज्य आहे.”

“तुम्हाला साखर नाही,” कुमुदबाई म्हणाल्या.

त्या सूप सोडून उठल्या होत्या. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला चारचौघांत खोडलेलं मी ऐकलं नव्हतं. आवाज इतका बारीक होता की फौजदाराला पुढे वाकावं लागलं.

“माझ्या गोळ्यांच्या तीन पट्ट्या नाहीत. शुक्रवारी रात्री मी पाणी प्यायला उठले. हे खलबत्ता घेऊन फ्रीजपाशी बसले होते. मी विचारलं नाही. काल स्वराज पडल्यावर कळलं. तेव्हाही बोलले नाही.”

विश्वंभरराव खुर्चीत बसले.

“कोणाला इजा व्हावी असा हेतू नव्हता,” ते म्हणाले. “थोडी गुंगी. एकदोघी बसल्या असत्या खाली. एकदा सुरुवात झाली की थांबत नाही, मनुबाई. आज बक्षीस, उद्या मॅट, परवा माझी खुर्ची.”

“दोनच्या उन्हात बारा पोरी पडल्या असत्या,” मी म्हणाले. “एखादीचं डोकं असंच कशावर तरी आपटलं असतं. आणि तुम्ही म्हणाला असता, उन्हानं चक्कर आली, पोरीच त्या. डॉक्टरनं पोट तपासलं नसतं. फौजदार आले नसते. स्वराज पडला म्हणून शोध लागला, साहेब. शिवानी पडली असती तर आज आम्ही पाचवा कुकर घेऊन गप्प घरी बसलो असतो.”

फौजदारानं रुमालानं बाटली उचलली.

७

अकरा वाजता ठाण्यात गेले ते विश्वंभरराव.

एक वाजता अलिबागहून नूतनचा फोन आला. स्वराजनं डोळे उघडले होते, पाणी मागितलं होतं. नूतन रडत होती. मग म्हणाली, “आई, शिवानीला सांगा की…”

“ते तू येऊन सांग,” मी म्हणाले.

पुरुषांचा संघ अजून जांभया देत होता. मंडळाचे लोक म्हणाले, पुरुषांचा अंतिम सामना होत नाही, तर सगळंच रद्द करू, नुसत्या मुलींसाठी कोण येणार. अनुयाबाई बोटीनं येऊन पोचल्या होत्या. त्या म्हणाल्या, “मी मुलींसाठीच आले आहे.” मग मंडळ नमलं. सामना पाचला ठेवला, मॅटवर. मुलींनी त्या मॅटवर पाय ठेवायची ती पहिलीच वेळ.

पाण्याचा प्रश्न आला. दुकानातून बारा बाटल्या आणल्या, बंद. पोरींनी हात लावला नाही. माठ होता, त्यालाही लावला नाही. घशाला कोरड पडलेल्या बारा पोरी बाटल्यांकडे साप बघावा तसं बघत उभ्या होत्या. शिवानीचे ओठ सुकले होते, पण ती म्हणाली, “तशीच खेळू.”

मी पहिली बाटली उघडली आणि घोट घेतला. मग दुसरी. बाराही बाटल्यांतून एक-एक घोट घेतला आणि बाकावर ताठ बसले. अर्धा तास सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी कोणाला सांगितलं नाही, पण त्या अर्ध्या तासात मला तीनदा वाटलं की डोळे जड होताहेत. तीनदा मी मांडीला चिमटा काढला.

“आजी, झोप येते का?” साक्षीनं विचारलं.

“तुझ्यासारखी बाकावर झोपायला मला आईनं शिकवलं नाही.”

त्या हसल्या. मग प्याल्या.

सामना सुरू झाला. मैदान भरलं होतं, झाडांवर माणसं होती. शिवानी चढाईला जायची तेव्हा लोक ओरडायचे, शेजारच्या बाया मला हलवून विचारायच्या, बघितलंत का, बघितलंत का. मी मान हलवायची. कोणी किती गुण घेतले, कोणाला कशी धरली, ते मला विचारू नका. अनुयाबाईंनी वहीत तिचं नाव लिहिलं, तेही मला दुसऱ्या दिवशी कळलं. मी ती चाळीस मिनिटं फक्त पोरींच्या पापण्या बघत होते.